हा बेदाणा नक्की कुठला?

येरळाकाठ

परवा दसऱ्याच्या श्रीखंडासाठी बेदाणा आणायला गेले. कोपऱ्यावरचं दुकान, पंधरा वर्षांची ओळख. काचेच्या दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या. एकीवर चिठ्ठी ४८०, दुसरीवर ३४०. दोन्हींत हिरवट, लांबट दाणा. मी विचारलं, "काका, हा ३४० वाला कुठला?" ते म्हणाले, "अफगाण." मग जरा थांबून, "म्हणजे पार्टी तसं सांगते."

रिकामं खोकं मागेच पडलं होतं. ते उचलून चारी बाजूंनी पाहिलं. द्राक्षाच्या घडाचं मोठं चित्र, वजन, एक ब्रँडचं नाव. देश कुठंच नाही.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. अडीच एकर बाग, तास-ए-गणेश. ही जात आमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन जातीच्या द्राक्षबागेतून निवडून वाढवली, आणि आज ती कुठल्या कुठं पोचली आहे. आमच्या घरी मोठा दाणा खायला जायचा आणि उरलेल्या मालाचा बेदाणा व्हायचा. आता बहुतेक सगळ्याचाच बेदाणा करतात.

शहरातल्या मंडळींना बेदाणा म्हणजे उन्हात टाकलेली द्राक्षं वाटतात. तसं नसतं. १०० लिटर पाण्यात साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डीपिंग ऑइल घालून द्रावण करतात. घड क्रेटमध्ये भरून त्यात चार-पाच मिनिटं बुडवायचे. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यातून आतल्या पाण्याला वाट मिळावी म्हणून हे सगळं. मग शेडमध्ये रॅकवर, एकावर एक दहा-बारा मजले जाळ्या ताणलेल्या असतात, त्यांवर घड पसरायचे. वरून सावली, चारी बाजूंनी वारा. लहानपणी आमचं काम असायचं सगळ्यात खालच्या जाळीखाली सरपटत जाऊन गळलेले मणी वेचायचं. वरच्या मजल्यावरून ते तेलकट पाणी मानेवर ठिबकायचं आणि दोन दिवस केसांचा वास जायचा नाही. पंधरा-वीस दिवसांनी आई मूठभर दाणे घेऊन घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. दाणे सुटे झाले तर माल तयार. गोळा राहिला तर अजून दोन दिवस.

चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्या पंधरा-वीस दिवसांत एक अवकाळी पाऊस आला की दाण्याचा रंग जातो आणि भाव निम्म्यावर येतो. पुढं मळणी, काड्या काढणं, धुणं, निवडणी, १५ किलोचे बॉक्स, कोल्ड स्टोरेजचं भाडं, आणि मग सौदा.

आता मुद्दा. बाहेरचा माल येऊच नये, असं मी म्हणत नाही. चीनमधला बेदाणा अफगाणिस्तानच्या नावाखाली किंवा चोरवाटांनी येतो, अशी आमच्याकडच्या बागायतदारांची तक्रार आहे. २०२५ च्या जुलैमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांना याबद्दल पत्रही लिहिलं होतं. आमच्या वडिलांचा माल कोल्ड स्टोरेजला पडून आहे, कारण व्यापारी म्हणतात, "थांबा, बाहेरचा स्वस्तात मिळतोय." भावात हरलो तर हरलो, ते समजू शकते. पण समोर कोण आहे हेच कळू द्यायचं नाही, ही कुठली स्पर्धा?

तुम्ही बेदाणा घेताना कुठला ते विचारता का? काय उत्तर मिळतं?

---

मीठभाकर

विचारत नाही, खरं सांगते. रंग बघते, एक दाणा तोंडात टाकते आणि घेते. आता विचारीन.

---

डोंबिवलीचा_डबा

येरळाकाठ ताई, मनापासून लिहिलंत. पण माझी बाजू ऐका.

माझं पोळीभाजी केंद्र आहे. शिवाय बारशी, मुंजी, साखरपुड्यांच्या ऑर्डरी घेते. महिन्याला दहा-बारा किलो बेदाणा लागतो. शिरा, पुलाव, खीर. तुमच्या हिशेबानं किलोमागं १४० रुपयांचा फरक, म्हणजे बारा किलोला १६८०. तेवढाच माझ्या मोठ्या सिलिंडरला हातभार. माझ्याकडं चार बायका कामाला आहेत, त्यांतल्या दोघी एकट्यानं घर चालवतात. दिवाळीत त्यांना पगाराइतका बोनस द्यायचा तर पैसे अशाच ठिकाणी वाचवावे लागतात. डब्याचा दर पाच रुपयांनी वाढवला की चार गिऱ्हाइकं दुसरीकडं जातात.

शिऱ्याच्या वाटीत पाच बेदाणे असतात. ते कुठले हे आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. "देशी घ्या" हे ऐकायला चांगलं वाटतं, पण त्याचा बोजा नेहमी आमच्यासारख्या मधल्या माणसावर का? तुमच्या वडिलांच्या घामाची किंमत आहे, तशी माझ्या कढईपुढच्या घामाचीही आहे. मला वाईट वाटून घ्यायचं नाही, पण मी ३४० वालाच घेणार.

---

न्हावाशेवा

मी वीस वर्षं सीएचएकडं, म्हणजे कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटकडं नोकरी केली. यातली मेख कुठं आहे ते सांगतो.

बाहेरून येणाऱ्या बेदाण्यावर आपल्याकडं भरभक्कम आयात शुल्क आहे. पण अफगाणिस्तानला सवलत आहे. २००३ मध्ये भारत-अफगाणिस्तान प्राधान्य व्यापार करार झाला, त्यातल्या ३८ वस्तूंत सुकामेवा होता. पुढं अफगाणिस्तान सार्कमध्ये आला, आणि सार्कमधल्या अल्पविकसित देशांना भारतानं दारू-तंबाखू सोडून जवळजवळ सगळ्या मालावर मूळ सीमाशुल्क माफ केलं. म्हणजे तोच दाणा चीनचा म्हणून आला तर पूर्ण शुल्क, अफगाणिस्तानचा म्हणून आला तर जवळजवळ मोकळा. एवढी मोठी तफावत असली की कुणाला तरी मोह होणारच.

मालासोबत ओरिजिन सर्टिफिकेट लागतं, आम्ही त्याला सीओओ म्हणतो. पूर्वी तो कागद असला की सवलत मिळायची. २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम आले. त्यांप्रमाणे आयातदाराकडं नुसता कागद असून चालत नाही. माल खरोखर कुठं पिकला, कुठं प्रक्रिया झाली, याची माहिती त्यानं स्वतः घेऊन ठेवायची, आणि पाच वर्षं जपायची. अधिकाऱ्याला शंका आली तर तो मागू शकतो. नियम चांगला आहे. पण शंका यावी लागते, आणि कंटेनरचं दार उघडून दाण्याकडं पाहून शंका येत नाही.

का येत नाही तेही सांगतो. चीनच्या शिनजियांगमधल्या तुर्फानला भोकाभोकांच्या विटांची घरं असतात, त्यांत सावलीत द्राक्षं वाळवतात. अफगाणिस्तानातही मातीच्या भिंतींना झरोके ठेवून किसमिसखाने बांधतात, तिथंही सावलीतच वाळवण. दोन्हीकडचा माल हिरवा, लांबट. तुमच्या शेडमध्येही सावलीच. तीन देश, एकच युक्ती, सारखाच दाणा. नुसत्या नजरेनं ओळखतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

एक विनंती. या रागात अफगाण शेतकऱ्याला झोडपू नका. काबुली मेवेवाले आपल्या आजोबांच्या आधीपासून येत होते. अटारीच्या रस्त्यानं किंवा इराणच्या चाबहार बंदरातून आलेला त्यांचा खरा माल हा खराच माल आहे. त्यांच्या नावावर दुसऱ्याचा माल खपतो, तेव्हा नुकसान त्यांचंही होतं.

---

मीठभाकर

लसणाचंही असंच आहे ना? चिनी लसणावर २०१४ पासून बंदी आहे. तरी मोठ्या पांढऱ्या पाकळ्यांचा लसूण मध्येच बाजारात दिसतो, आणि भाजीवाला म्हणतो, "हायब्रीड आहे."

---

डायमेकर_भोसरी

बेदाण्यातलं मला कळत नाही. मी प्लास्टिक मोल्डिंगचे डाय, म्हणजे साचे, बनवतो, भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, सहा माणसं. पण स्वस्त आयात म्हणजे काय ते मी खेळण्यांच्या धंद्यात जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

२०२० च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला. २०२३ मध्ये शुल्क ७० टक्के केलं. सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०१४-१५ मध्ये खेळण्यांची आयात सुमारे ३३ कोटी डॉलरची होती, ती २०२२-२३ मध्ये १६ कोटींच्या आत आली. माझ्या वर्कशॉपला त्याचा थेट फायदा झाला. जे गिऱ्हाईक पूर्वी तयार खेळणी कंटेनरनं आणायचं, ते माझ्याकडं डाय बनवायला आलं. गाडीचा टप, बाहुलीचे हातपाय, ठोकळे. कामगार वाढवले, दुसरी व्हीएमसी, म्हणजे साचा कोरायचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, घेतली.

पण खरं चित्र सगळं सांगायला हवं. चावीच्या गाडीतली इवलीशी मोटर, दिव्याची पट्टी, आवाजाची चकती हे अजूनही बऱ्याच ठिकाणी बाहेरूनच येतं. डबा आपला, पोटातलं यंत्र त्यांचं. आणि शुल्क वाढल्यावर काही कारखानदारांनी तोच माल महाग विकला, सुधारणा काहीच केली नाही. एकानं माझ्याकडून डाय करून घेतला आणि त्यात प्लास्टिकचा इतका भंगार दाणा ओतला की गाडीची चाकं पहिल्याच आठवड्यात चिरली. माझ्या भाच्याच्या हातात ती गाडी होती. डाय मी केलेला, म्हणून मला ती ओळखता आली. फार वाईट वाटलं. त्या पोराला चिनी गाडी दिली असती तर ती कदाचित महिनाभर जास्त टिकली असती.

शुल्क लावून दार बंद करता येतं. आत बसलेल्यानं त्या काळात काम सुधारलं तरच त्या दाराचा उपयोग. आयएसआय मार्कमुळं निदान एक झालं, टोकदार कडा आणि रंगातलं शिसं यांची तपासणी सुरू झाली. ती आमच्या मालालाही लागू, बाहेरच्या मालालाही. मला हे जास्त पटतं. तपासणी सगळ्यांना सारखी, आणि नाव ठळक.

---

येरळाकाठ

डोंबिवलीचा_डबा, तुमच्यावर बोट ठेवायचं माझ्या मनातही नव्हतं. चार बायकांचं घर चालवणारीला मी कोण शिकवणार? तुम्ही ३४० वाला घ्याच. पण तो ३४० चा का पडतो हे तुम्हाला माहीत असावं, एवढंच मला हवंय. शुल्क बुडवून आलेला असेल, तर तो फरक तुमच्या हुशारीतून आलेला नाही, कुणीतरी सरकारचे आणि माझ्या वडिलांचे पैसे चोरून त्यातला थोडा वाटा तुम्हाला दिलाय. आणि उद्या त्यानं बंद केला की तुम्हालाही दर वाढवून घ्यावाच लागेल.

न्हावाशेवा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल खास आभार. आमच्या गावातही लोक सरसकट "अफगाणवाले" म्हणून शिव्या देतात. मीही दिल्या आहेत.

---

निफाडकर_द्राक्ष

येरळाकाठ, मी निफाडचा. आमच्याकडं निर्यातीचा माल जास्त. या धाग्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी.

२०१० मध्ये आमची द्राक्षं युरोपच्या बंदरांवर अडकली. लिहोसीन म्हणजे क्लोरमेक्वाट, त्याचे अंश मालात सापडले. आम्ही ते वेलीची वाढ रोखायला सर्रास मारायचो, आणि आमच्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन तेव्हा नव्हतंच. कंटेनर पडून, माल सडतोय, तिकडचा खरेदीदार फोन उचलत नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीत दोन लग्नं पुढं ढकलली. वडिलांनी सोसायटीचं कर्ज फेडायला बैलजोडी आणि विहिरीवरची नवी मोटर विकली. मी तेव्हा कॉलेजला होतो, परत आलो तो इथंच राहिलो.

त्यातून आम्ही शिकलो. आता निर्यातीचा प्लॉट कृषी विभागाकडं नोंदवायचा, अपेडा म्हणजे शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था, तिच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत त्याचा नंबर असतो. काय फवारलं, कधी फवारलं, याची वही ठेवायची. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन स्वतः नमुना घेतो. अहवाल बरा आला तरच पॅकहाउस माल घेतं. रॉटरडॅममध्ये तक्रार आली तर पेटीवरच्या नंबरावरून माझ्या प्लॉटपर्यंत माग लागतो. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या लोकांनी त्या काळात गावोगाव येऊन आम्हाला हे शिकवलं, त्यांचे उपकार आहेत.

आता बघा. तिकडच्या बाजारात आमची द्राक्षं हीच स्वस्त आयात. तिथल्या गिऱ्हाइकाला ती भारताची आहेत हे पेटीवर वाचायला मिळतं, आणि लागलंच तर माझ्या बांधापर्यंत येता येतं. आणि माझ्याच बायकोला निफाडच्या बाजारात बेदाणा कुठल्या देशाचा हे कळत नाही. जे नियम परक्या गिऱ्हाइकासाठी आम्ही पाळतो, ते आपल्या गिऱ्हाइकासाठी का नाहीत?

आणि येरळाकाठ, रागावू नका, पण आपल्या मालातही सगळं स्वच्छ नसतं. पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी प्रमाणाबाहेर देणारे आहेत. मागच्या वर्षीचा कोल्ड स्टोरेजमधला माल नव्यात मिसळणारे आहेत. आपण म्हणायचं नाव लिहा, तर काढणीचं सालही लिहावं लागेल.

---

येरळाकाठ

रागावले नाही. गंधकाचं अगदी खरं आहे. आमच्या शेजारच्या शेडवर धुरी चालू असली की डोळे चुरचुरतात, आणि दोन दिवस दिली की दर जास्त मिळतो म्हणून लोक देतात. सौद्यातली उधळणही बोलायला हवी. माल तपासायला म्हणून बॉक्स फोडून बेदाणा जमिनीवर उधळतात, तो पायाखाली जातो आणि शेतकऱ्याच्या वजनातून वजा होतो. हे कुणी चीनमधून येऊन करत नाही.

साल लिहायला माझी पूर्ण तयारी आहे.

---

फ्रेस्नो_वऱ्हाडी

मी मूळचा अमरावतीचा, बारा वर्षं कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ. इथं बेदाण्याचाच मुलूख आहे. ऑगस्टच्या अखेरीस ओळींच्या मधल्या जमिनीवर कागद अंथरून त्यावर घड ठेवतात आणि उन्हात वाळवतात, म्हणून इथला दाणा काळपट तपकिरी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे धूळ बसू देतात की काय.

तुमची थॉमसन ही इथलीच म्हणायची. विल्यम थॉमसन नावाच्या माणसानं युबा सिटीजवळ लावली, म्हणून ते नाव. पण ती त्याचीही नव्हे. पश्चिम आशियातली जुनी जात, तिकडं तिला सुलताना म्हणतात, किसमिस म्हणतात. म्हणजे वेल अफगाण-इराणकडची, नाव अमेरिकेचं, आणि वसंतराव आर्व्यांची निवड तासगावची. देशी काय आणि परदेशी काय, याचा गुंता इथंच होतो.

आणि इथले शेतकरीही हेच रडगाणं गातात. तुर्कस्तानचा बेदाणा स्वस्त पडतो, मजूर मिळत नाहीत. माझ्या रोजच्या रस्त्यावरच्या दोन बागा उपटून तिथं बदाम लावले. वेलींच्या बुंध्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते, मी गाडी थांबवून पाहत राहिलो. फरक एवढाच की दुकानातल्या पुडीवर देश छापलेला असतो. मी रोज पाहून ठरवतो. कधी स्वस्त घेतो, कधी इथला. पण ठरवणारा मी असतो.

---

न्हावाशेवा

फ्रेस्नोकरांनी लिहिलं ते आपल्याकडंही कायद्यात आहे. २०११ च्या वजनमापे नियमांत, बंद पाकिटातल्या आयात मालावर मूळ देश लिहिणं बंधनकारक आहे. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही तो दाखवावा लागतो. अडचण सुट्ट्या मालाची. १५ किलोचा बॉक्स दुकानात फुटला, बरणीत ओतला, की देश संपला.

पण सुट्ट्या मालाला नियम लावताच येत नाही, असंही नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात सुट्ट्या मिठाईच्या ताटापुढं 'केव्हापर्यंत खावी' ती तारीख लावायची आहे. सुरुवातीला हलवाई कुरकुरले, आता बऱ्याच दुकानांत पाट्या दिसतात. पेढ्याच्या ताटापुढं तारीख लागू शकते, तर बेदाण्याच्या बरणीवर देश का लागू नये? कोल्हापूर-सांगलीच्या आमदार-खासदारांनी विधानसभेत आणि लोकसभेत हाच एक मुद्दा लावून धरावा. शुल्क वाढवा, बंदी घाला, या मागण्या दिल्लीत अडकून पडतात. पाटी लावणं अवघड नाही.

---

वाणसामान

मी दुकानदार. नाशिक रोडला किराणा आहे. तिकडच्या काकांचं "पार्टी तसं सांगते" हे वाक्य वाचून मला लाज वाटली, कारण मीही तेच म्हणतो.

आम्हाला माल वाशीच्या मसाला मार्केटमधून येतो, मधे एक-दोन हात असतात. बिल येतं त्यावर लिहिलेलं असतं 'किसमिस', एचएसएन म्हणजे मालाच्या प्रकाराचा नंबर ०८०६, जीएसटी ५ टक्के. हा नंबर तासगावच्या मालाला तोच आणि बाहेरच्या मालाला तोच. म्हणजे बिलावरून मलाच कळत नाही, गिऱ्हाइकाला काय सांगू? मी पार्टीला फोन केला, म्हटलं बिलावर देश लिहून द्या. तो म्हणाला, "शेठ, एवढं कशाला, माल चांगला आहे ना?" मी म्हटलं, चांगला आहे, म्हणूनच लिहा. अजून आलेलं नाही. मी दर चार दिवसांनी फोन करतोय.

तोवर माझ्या दोन बरण्यांपैकी एकीवर "सांगली" असं लिहिलंय, कारण तो बॉक्स थेट तिथल्या शेतकरी कंपनीचा आहे, कागद माझ्याकडं आहे. दुसऱ्या बरणीवर लिहिलंय, "कुठला ते माहीत नाही." बायको म्हणाली, अशानं कोण घेणार? सहा दिवस झाले. घेणारे घेतात, पण आता निम्मे लोक थांबून विचारतात, आणि दोन-तीन जणांनी सांगलीचा घेतला. मी हे कुणावर उपकार म्हणून करत नाही. रोज खोटं बोलल्यासारखं वाटत होतं, ते थांबलं.

---

मीठभाकर

वाणसामान, तुमच्या बरणीचा फोटो टाका. मी माझ्या दुकानदाराला दाखवणार आहे.

---

डोंबिवलीचा_डबा

गेले आठ दिवस हा धागा डोक्यात फिरतोय. येरळाकाठ ताई, तुम्ही म्हणालात की दुसऱ्यानं चोरलेल्यातला वाटा मला मिळतो. ते वाक्य लागलं. खोटं म्हणवत नाही.

पण माझा हिशेब बदललेला नाही, त्यामुळं एक सरळ प्रश्न. मला तो लांबट, एकसारखा, दाखवायचा बेदाणा नकोच आहे. शिऱ्यात आणि पुलावात तो शिजून फुगतोच. तुमच्याकडं निवडणीतून बारीक, डागी, रंग गेलेला माल निघत असेल ना? त्याचं काय करता? तो किती रुपयांना पडेल?

---

येरळाकाठ

हे मला आधी सुचायला हवं होतं! निघतो ना. चाळणीखालचा बारीक दाणा, आणि पावसात रंग गेलेला काळपट. चवीला गोडच असतो. तो आमच्याकडून व्यापारी अगदी पडत्या भावानं उचलतो. काल आईशी बोलले. ती म्हणाली, थेट घरातून दिला तर २२० ला परवडतं, वर गाडीभाडं. शेतकऱ्यानं स्वतःचा बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे जीएसटी कौन्सिलनं डिसेंबर २०२४ च्या बैठकीत स्पष्ट केलंय, त्यामुळं तो घोळ नाही. नमुना म्हणून दोन किलो पाठवते, पैसे नकोत. पुडीवर आई स्वतःच्या हातानं गाव आणि काढणीचं साल लिहील, निफाडकरांनी सांगितल्याप्रमाणं.

---

डोंबिवलीचा_डबा

नमुना पोचला. पुडीवर पेनानं लिहिलंय, "ता. तासगाव, मार्च २०२५." अक्षर माझ्या आईच्या अक्षरासारखं आहे, तेवढंच तिरकं.

अर्धा तास भिजवून साजूक तुपात परतला, टम्म फुगला. काल एका बारशाच्या शिऱ्यात घातला, दहा किलो शिरा होता. चव चांगली, आंबटपणा किंचित जास्त, मला तो आवडला. तक्रार एकच. काड्या फार आहेत. माझ्या दोन बायका तासभर काड्याच निवडत बसल्या, तो तास मला परवडत नाही. तुमच्याकडं काड्या काढून देणार असाल तर किलोमागं १५ रुपये जास्त देते, आणि दर महिन्याला १५ किलोचा एक बॉक्स नक्की.

---

येरळाकाठ

आईला विचारलं. मळणीच्या मशीनमधून दुसऱ्यांदा काढावा लागेल, ते होईल म्हणाली. पहिला बॉक्स सोमवारच्या गाडीनं निघेल. आणि तिनं विचारलंय, शिऱ्यात केळं घालता का?